पाय मोडलेली अक्षरं

मी पुस्तकांची मुद्रितं तपासते.
घणसोलीत, जेवणाच्या टेबलावर,
पानामागे ठरलेले पैसे, लाल पेन माझं.

अप्पा तेवीस वर्षं पावणे एमआयडीसीत, रंगाच्या कारखान्यात.
आत कुठला रंग चालू आहे
ते आम्हाला उशीच्या अभ्र्यावरून कळायचं:
मंगळवारी जांभळा, शुक्रवारी हळदीसारखा,
आणि एकदा, कुणी व्हॉल्व्ह नीट बसवला नाही तेव्हा,
पंधरा दिवस निळा घाम.
आई हसायची. नवरा आहे की रंगपंचमी.

त्यांची डांगरी ती हातानं धुवायची.
मशीन नव्हतंच.
मोरीत उकिडवी, पोट गुडघ्यांत मावेना,
पोटात मी, सात महिन्यांची.

परवा वाशीला डॉक्टर तबस्सुम काझींनी
रिपोर्टच्या पाठकोऱ्या बाजूला एक गर्भ काढला,
गर्भात एक ठिपका.
"मुलगी जन्मते ती आपली सगळी बीजं घेऊनच.
स्वरदा ज्या बीजातून झाली
ते तेव्हा तिथंच होतं."

म्हणजे त्या बादलीवर
आम्ही तिघी वाकलो होतो.

मग आमच्या रक्तातच बिघाड झाला का?
"मजकूर तोच आहे हो,
एक अक्षर इकडचं तिकडे नाही.
काहींवर बारीक खुणा बसतात
आणि ती अक्षरं गप्प होतात.
विषानं, धुरानं, उपासमारीनं,
कधी नुसत्या काळजीनंसुद्धा."

हे मला कुणी समजवायला नको.
त-चा पाय मोडला की त्यातला अ जातो.
नखाएवढी तिरकी रेघ.
'जगत' लिहिलं की कुणीतरी अजून जगत असतं;
पाय मोडला, 'जगत्',
की नुसतं जग उरतं.

"पण दमा त्यामुळेच, असं मी म्हणणार नाही.
हायवे आहे, भिंतीला ओल आहे,
कुठल्या खुणेनं काय झालं, सिद्ध होत नाही.
काही खुणा पुसल्याही जातात."
किती?
त्यांनी पेनाला टोपण लावलं.

अप्पांना मी यातलं काही सांगितलेलं नाही.
रात्री दोननंतर वारा डोंगराकडून फिरतो,
ते गॅलरीत बसून अजून वास ओळखतात:
"हा एच-अ‍ॅसिडचा. हा नव्या कंपनीचा, चोरून सोडतायत."
आंब्याची जात सांगावी तशा तोऱ्यात.
याच वासाच्या पगारावर मी एम. ए. झाले.
ही खूण कुठल्या अक्षरावर धरायची?

आई गेली तेव्हा ते कामावरच होते अजून.
तिची नखं निळी पाहून
नर्स ऑक्सिजन आणायला धावली होती.
मी म्हणाले, थांबा, तो रंग आहे.
मग वाटलं, नसेलही.

मुद्रितात एक शब्द चुकून खोडला गेला
तर त्याच्याखाली टिंबं देतात ओळीनं:
राहू द्या, खोडू नका.

स्वरदा झोपलीय, पालथी. उशीशी निळा पंप.
छातीत बारीक शिट्टी वाजते, थांबते, वाजते.
मी खिडकी लावून घेते
आणि तिच्या पाठीवर, मणक्यांच्या कडेनं,
बोटानं टिंबं देत जाते.
नेमकी कुठल्या शब्दाखाली
ते मला दिसत नाही.