जड पाणी

उमदीच्या विहिरीचं पाणी दिसायला काचेसारखं.
साबण घासला
की दुधासारखा नासतो,
बादलीच्या काठाला करडी साय धरते.

बाळाचे बारा लंगोट,
आईने मऊ धोतर फाडून शिवलेले.
इथे आठ दिवसांत पापड झाले.
दोरीवरून काढताना वाटतं, मोडतील.
लेकराच्या मांड्या लालभडक.

मल्लव्वा म्हणाली,
पाण्यात सोडा टाक रातच्याला,
गाळ बसू दे, वरचं तेवढं घे,
शेवटच्या पाण्यात अर्धं लिंबू.
आन् वाळले की चोळ,
कानाच्या पाळीगत लागंस्तवर.
करते तसं. होतात. थोडे.

हेळवाकला, माझ्या माहेरी,
फेस हातावरून जायचाच नाही.
आई ओरडायची, किती सांडशील गं पाणी.
इथे तो बोलावूनही येत नाही
हे मी फोनवर एकदाच बोलले होते.

परवा सुदाम आला, तीन एसट्या बदलून,
मांडीवर पाच लिटरचा कॅन,
बुचाखाली प्लॅस्टिकची पिशवी.
भाच्याला बघायला आला
आणि आणलं काय, तर ओढ्याचं पाणी!
नवरा हसला.
मीही हसले, तोंड वळवून.

त्यात एकच लंगोट धुतला.
फेस मनगटापर्यंत चढला,
मल्लव्वाची नात त्यावर फुंकर मारून पळाली.
वाळला तर घडीच राहीना त्याची,
हातातून लोळत होता.

बाळाला बांधला.
गाठ बसते न बसते
तोच ऊन ऊन ओला.

कॅनमध्ये चार बोटं पाणी उरलंय.
झाकून ठेवलंय.