बाक

इतिवृत्त लिहिणारा मी.
व्हिएन्नाच्या एका विभाग कचेरीत
खिडकीपासून तिसरं टेबल, एकोणीस वर्षं तेच.
कोण काय म्हणालं, तेवढं लिहायचं.
कसं म्हणालं, ते नाही.

त्या गुरुवारी विषय क्रमांक अकरा.
शेवटचा. म्हणजे सदस्यांचा
एक हात कोटाच्या बाहीत गेलेला असतो तेव्हाचा.
ती उभी राहिली. हातात घडी घातलेला कागद,
तो तिनं उघडलाच नाही.
तीन मिनिटं, अध्यक्षीणबाई म्हणाल्या
आणि टेबलावरचं घड्याळ तिच्याकडे वळवलं.

"पहाटे चार पन्नासची बस. आम्ही तेरा जणी.
काही तुमची ऑफिसं पुसायला निघालेल्या,
काही तुमच्या म्हाताऱ्यांची कूस बदलून परतणाऱ्या.
बस उशिरा येते. उभं राहवत नाही.
आम्हाला एक बाक हवी."

"हवा," मागून कुणीतरी सुधारलं.
"हवं," त्याच्या शेजारचा म्हणाला.
मग त्या दोघांचीच जुंपली.
घड्याळ चालूच होतं.

"तो, ती, ते, काही असू दे," ती म्हणाली,
"चार पाय असले म्हणजे झालं."

हशा पिकला. हशा लिहायचा नसतो.
मी लिहिलं: विनंती नोंदवली.

दुसऱ्या दिवशी ती माझ्या खिडकीशी.
हातात इतिवृत्ताची प्रत, एका जागी बोट.
मी लिहिलं होतं: लेतेहान.
"लेतेब्रहान," ती म्हणाली. "मधला ब्र गेलाय."
मला आठवलं, माझ्या बापाचं नाव
याच कचेरीत कुणीतरी असंच कापलं होतं.
बोस्नियातून विटा रचायला आलेला माणूस,
कापल्या नावानिशी निवृत्त झाला, गेला,
तोंडातून ब्र काढला नाही.

मी दुरुस्ती केली. पेनानं. वर सही, तारीख.

तिला मत नाही. म्हणजे मत आहे,
देता येत नाही.
कर देता येतो, अकरा वर्षं देतेय.
मुलगा इथल्या शाळेत आल्प्सच्या नद्या पाठ म्हणतो
आणि आईच्या 'र'वर हसतो.

सात महिन्यांनी बाक आला.
हिरवा, चांगला, सिमेंटमध्ये चार बोल्ट.
फक्त त्याचं तोंड भिंतीकडे.
पाठ रस्त्याला, बसला, सगळ्या शहराला.
कुणाची चूक, ते फाईलमध्ये सापडत नाही.

पुढच्या गुरुवारी तेरा जणी आल्या.
आणि एक म्हातारे गृहस्थ, हेर व्होंद्राचेक,
तिसऱ्या मजल्यावरचे, झोप न येणारे,
जे दोन वर्षं खिडकीतून त्यांना उभं पाहत होते
आणि आज पहिल्यांदाच जिना उतरले होते.

ती उभी राहिली. घड्याळ या वेळी
तिनंच स्वतःकडे वळवून घेतलं.
"बाक दिलात. पण तोंड फिरवून दिलात."

खोलीत कुणी हसलं नाही.
कोट खुर्च्यांवरच राहिले.

बोल्ट दुसऱ्या खात्याचे, असं उत्तर आलं.
अर्ज गेलाय. पावती तिच्या पर्समध्ये आहे,
बसच्या पासाबरोबर.

मी एकदा गेलो पहाटे, का ते ठाऊक नाही.
थंडी मरणाची. भिंतीपासून हातभर अंतरावर
सहा जणी गुडघे आखडून बसलेल्या,
मानेनं मात्र मागे, रस्त्याकडे.
बाकीच्या पाठीला टेकून उभ्या,
बस दिसली की सांगायला.
भिंतीवर खडूनं कुणीतरी वेळापत्रक लिहिलं होतं,
चार लिप्यांमध्ये,
आणि खाली पाचव्यासाठी जागा.

लेतेब्रहाननं पिशवी उचलून मांडीवर घेतली.
"बसा," म्हणाली.
आणि मला कळेना
हे कुठल्या विषयाखाली लिहायचं.