पोच

मे संपत आला तरी रात्री नऊला पत्रा तापलेलाच.
सावद्याच्या शेडात दिल्लीचा ट्रक भरतोय.
गफूर तडवी घड उचलतो, सुपडू तायडे आत झेलतो,
आणि मी खुर्चीवर, मांडीवर दोन वह्या.
डावी केळीची.
उजवी लाल बांधणीची, निम्मी कोरी,
पाचपांडे सरांनी क्लब बंद करताना मला दिलेली.

काट्याशेजारी खोक्याला मोबाईल टेकवलाय.
त्यात अजून ऊन आहे, तिकडचे साडेपाच,
हिरवळ इतकी की डोळ्यांना खोटी वाटावी,
आणि खेळाडूंच्या अंगात स्वेटर.
विश्वचषकाची पात्रता फेरी.
म्हणजे त्या फेरीच्या आधीची फेरी,
तिच्यातला गट क.

गफूर विचारतो, "कोन्ता देश हाये म्हने भो हा?"
मी सांगतो. त्याला ते नाव म्हणता येत नाही.
मलाही येत नाही.
"त्याहीले क्रिकेट येते?"
"आपला हितू हाये ना त्याच्यात."

हितेंद्र भारंबे. सहाव्या नंबरला.
फैजपूरच्या मॅटिंगवर ज्याचा ऑफ स्टंप
मी कितीदा तरी पडलेला लिहिला.
तिकडे गोदामात कामाला आहे,
रजा टाकून देशासाठी खेळतो.
सात वर्षं राहिल्यावर तो देश त्याचा झाला,
हे त्यानंच फोनवर सांगितलं, जरा चाचरत,
दुसरी सोयरीक जमल्याचं सांगावं तसं.

कॅमेरा एकच. हलत नाही.
समालोचन नाही, नुसता वारा.
सीमारेषेवर सहा पांढऱ्या खुर्च्या,
एक बाबागाडी, कुणाचं तरी कुत्रं.
बाबागाडी सोडली
तर आपलंच ग्राउंड.

सात चेंडू कोरे. उजव्या वहीत सात ठिपके,
डावीत तेवढ्यात एकोणतीस घड.
आठवा त्यानं पॅडवरून ढकलला आणि पळाला.
मोजताना पहिल्याला एक म्हणायचं नसतं.
माझ्या तोंडून आपसूक निघालं, लाभ.
सुपडू आतून ओरडला,
"आत्ता तं तिसावा व्हता, लाभ कसाचा?"

मग एक चौकार. असा की
कॅमेऱ्याच्या बाहेर गेला,
कुठं थांबला ते त्या कुत्र्यालाच ठाऊक.
अंपायरनं छातीपुढून हात हलवला
आणि तो वळून बघत राहिला.
तिथला स्कोअरर चौकटीत नाही.
त्याचं टेबल, त्याची पेन्सिल,
वाऱ्यानं उडू नये म्हणून पानावर ठेवलेलं काहीतरी,
काहीच दिसत नाही.
अंपायर थांबलेला.
बॉलर चेंडू मांडीला पुसतोय.
पोच मिळाल्याशिवाय पुढचा चेंडू पडत नाही,
अठ्ठावीस वर्षं हेच केलं मी.

मी हात वर केला.

शेडात मागं येणारा दुसरा ट्रक
करकचून थांबला.
"पीछे कोई है क्या, बाबूजी?"
गफूर खांद्यावर घड घेऊन तसाच उभा.
सगळे मागं बघतायत.
मागं नुसता अंधार, वाळक्या पानांचा ढीग,
आणि रावेरकडं जाणारा रस्ता.

हितू नंतर झेलबाद झाला.
बॉलरचं नाव कळेना, म्हणून मी लिहिलं:
डावखुरा, तांबडे केस.
अकरा धावा कमी पडल्या. गट क संपला.
खुर्च्या उचलायला दोन माणसं आली
आणि तेवढ्यात पडदा काळा झाला.

रात्री एकला ताळा घातला.
पडद्यावर हितूच्या तेरा होत्या,
माझ्या वहीत बारा.
डाव्या वहीत तीनशे तेरा घड,
आणि सुपडू शपथेवर सांगतो, तीनशे बारा.

खोडलं नाही. ट्रक गेला.
परवा दिल्लीहून पोच येईल,
तेव्हा बघू.