जामीनदार

हुकूम सोमवारीच झाला होता.
पंधरा हजार, आणि एक लायक जामीनदार.
लायक म्हणजे मी:
रेशनकार्ड, पगाराच्या तीन स्लिपा, खोलीची भाडेपावती.

आज शुक्रवार. माझगाव कोर्टात कारकुनाने
चष्म्यावरून विचारलं,
आरोपीला कधीपासून ओळखता?
फॉर्मवर जागा बोटभर.
अकरा वर्षं, म्हटलं.

हरेश्वर शिडी नेतो, ती पुसून परत आणतो,
हे कुठल्या रकान्यात लिहायचं?
चोरी त्याने केली का,
ते मलाही ठाऊक नाही, कुंदा.
तू विचारलंस म्हणून सांगतो.

आर्थर रोडची पेटी साडेपाचला उघडली.
आम्ही पोचलो पावणेसहाला:
मी, त्याची बायको, पिशवीत त्याचा इस्त्रीचा शर्ट.

उद्या या, शिपाई म्हणाला.
तिने शर्ट काढला,
तिथेच, फाटकाशी, पुन्हा घडी घातली.
जुन्याच मोडीवर.