पांढरं फडकं

नेवाडातल्या कोरड्या तळ्यावर धूळ झोपलेली असते,
मैद्याहून मऊ. मेंढरं वरून गेली की उठते,
आणि पुढे तासभर
त्यांच्याच उंचीची एक भिंत त्यांच्या मागे चालत राहते.

त्या भिंतीतून मी चारचाकी हाकतो.
अठराशे मेंढ्या, एक कुत्रा,
आणि हँडलवर आधीच्या गड्याने चिकटवलेली
कुणा संताची अर्धी सोललेली तसबीर.

ऑगस्टात गाडीने चढावर दम टाकला.
धूर निळा. कांडी काढून पाहिली तर तेल राखाडी,
चिमटीत चोळलं तर कचकचलं.

इरिबार्नेबाईंनी सीट उचलली, डबा उघडला.
मेंढ्या त्यांच्या, गाडी त्यांची, पाने-पकडीही त्यांच्याच;
नवरा गेल्यापासून कुणाला हात लावू देत नाहीत.
आत लाल फिल्टर. देखणा. कापसाच्या जाळीचा,
आधीच्या गड्याने हौसेने बसवलेला,
खोकं अजून कपाटात जपून ठेवलेलं.
बाईंनी तो उन्हासमोर धरला.
सूर्य चाळून त्यांच्या गालावर पडला.
"जिथून ऊन येतं, तिथून ही धूळ येते, सेनोबियो.
खोक्यावर लिहिलंय, ताकद वाढवतो.
काय आत सोडून वाढवतो, ते लिहिलेलं नाही."

मग नळीत बोट घातलं, माझ्या नाकासमोर धरलं.
बोटावर अख्खं तळं.

पिस्टन, रिंगा, सिलिंडर.
पगारातून किती कापतील, मी मनात मोजत उभा.
"तुझ्या आधीची धूळ तुझ्या नावावर कशाला,"
बाई म्हणाल्या. "यापुढची तुझी."

गुरुवारी पिठाच्या पोत्याबरोबर वर आले
दोन फिल्टर, फोमचे. गाडीच्या कंपनीचे नव्हेत,
पण कडेला कडा भिडणारे,
बाहेरून भरड, आतून बारीक.
तिसरा एक बाईंनी मुद्दाम दाखवायला आणला,
स्वस्त, म्हणे सगळ्या गाड्यांना बसतो.
"सगळ्यांना बसतो, तो कुणालाच नीट बसत नाही,"
आणि कडेच्या फटीत नख सरकवलं.
तळ्याला तेवढी पुरते.

पेट्रोलमध्ये धुवायचं नाही, गोंद सुटतो.
कोमट पाणी, भांड्यांचा साबण.
दाबायचं, पिळायचं नाही.
सुंभ जळाला तरी पीळ राहतो म्हणतात;
इथे पीळ राहतो आणि सांधा उसवतो.
सावलीत वाळवायचं. मग तेल, हिरवं, चिकट,
मुठीत दाबून दाबून
रंग सगळीकडे सारखा होईतो.
कमी पडलं तर धूळ वाट काढते,
जास्त झालं तर गाडी गुदमरते.
शेवटी कडेला ग्रीसची रेघ,
काजळ घालावं तशी, एका बोटाने.

मी हुआंकायोच्या वरच्या अंगाचा.
हवा विरळ असते हे मला कुणी शिकवायला नको.
दळलेलीही असते, हे इथे कळलं.

रविवारी कड्यावर चढलं की फोनला एक काडी मिळते.
मुलगी विचारते, पप्पा, तिकडे काय करता?
मेंढ्या, म्हणतो. आणि फुफ्फुसं धुतो.
ती हसते. कुणाची?
काडी जाते.

आता वहीत मेंढ्यांच्या आकड्याशेजारी गाडीचे तास.
एक फिल्टर गाडीत, एक तारेवर मोज्यांशेजारी.
बादलीतलं पहिलं पाणी कॉफी, दुसरं चहा,
तिसऱ्यात मला माझे हात दिसतात.

आज डबा उघडला.
जुन्या बनियनचा पांढरा तुकडा
बोटाला गुंडाळून नळीत फिरवला, जाईल तितका खोल.
बाहेर काढला.
पांढराच.

कुत्र्याला दाखवला. त्याने हुंगला,
शिंकला,
आणि मेंढ्यांकडे बघत बसला.