बिलात तीन

पहाटेचे पाच, मंठा चौफुली, इंजिन थंडगार.
चावी फिरवली की टिक् टिक् टिक्,
जणू बॉनेटखाली कुणी सुपारी कातरत बसलंय.
गाडी तापली की आवाज दबायचा,
मग मीही विसरायचो, दुसऱ्या पहाटेपर्यंत.

बारा-दहा आहे माझी, तिसऱ्या हातातली.
जालन्यातून सळई भरायची, सेनगावला उतरवायची.
वाटूर फाटा येईस्तोवर केबिनीत धूर,
आणि क्लीनर दासू कपाळाला बाम चोळत बसलेला.
मी तेलाच्या डब्याचा पत्रा कापून घातला मधे,
ॲस्बेस्टॉसची दोरी गुंडाळली,
एकदा तर शिकंजा आवळून हिंगोली गाठली.
दर वेळी म्हणालो, आता हे कायमचं.

हाफिजमामूंनी मेनिफोल्ड उतरवला.
"चार तुटलेत. दोन या टोकाचे, दोन त्या टोकाचे.
मधले सहसा तुटत नसतात, बघ.
लोखंड तापलं की लांबतं, ओढ टोकाला बसती."
चारी थोटकांवर रॉकेल-डिझेल सोडलं
आणि म्हणाले, जा, उद्या ये.
उद्या! लोणारचं भाडं होतं हातात.
टपरीवर तीन चहा झाले, भाडं दुसऱ्याने नेलं.

दुसऱ्या दिवशी पहिल्या थोटकावर नट ठेवून
वेल्डिंगने आत भरला.
लाल होता तोवर हात लावला नाही.
काळा पडल्यावर मेणबत्ती टेकवली मुळाशी,
मेण वितळून आट्यांत उतरलं.
मग पाना. जरा पुढे, जरा मागे, जरा पुढे.
करकरला, आणि चिंचोक्यासारखा हातात आला.
दुसराही तसाच.
तिसऱ्याने दोन नट खाल्ले, एक शिवी खाल्ली, मग आला.

चौथ्यावर मामूंनी बॅटरी धरली, चष्मा कपाळावर,
आणि बराच वेळ बोललेच नाहीत.
कुणीतरी पूर्वी ड्रिल मारलेलं, तिरकं,
बिट आतच मोडलेलं,
वर वेल्डिंगचा टिपका, घासून, काळा रंग फासून बुजवलेलं.
"कुण्या गाढवाचं काम," मी म्हणालो.
"हाव," मामू म्हणाले.

मग बोळा ओला करून चेसिसवरचा नंबर पुसला.
"ही परतूरच्या जिनिंगवाल्याची का रे?"
आधीची, हो.
"सतरा वर्षांचा होतो. उस्ताद जेवायला गेल्ते.
मालक दारात उभा, गाडीत कापूस भरलेला.
मी म्हनलं, झालं."

त्या एका भोकासाठी सगळं हेड उतरवलं.
भोक मोठं केलं, सरळ केलं.
भाची अंजुम लेथवर उभी राहिली,
बुश काढला तिने, बाहेरून आटे, आतूनही आटे,
मामूंनी दोनदा परत केला, तिसऱ्यांदा मान हलवली.
मेनिफोल्डचं वाकलेलं तोंड सपाट करून आणलं,
टोकांची भोकं कानशीने लांबट केली,
बारा नवे स्टड, पितळेचे नट.
आवळता आवळता पाना मधेच थांबवला.
अजून आवळा की, मी म्हणालो.
"आवळूनच तर तुटले."

बिल आलं वहीच्या पानावर.
स्टड, नट, गॅस्केट, फेसिंग.
हेड काढणे-बसवणे, कुठेच नाही.
तुटलेले बोल्ट काढायची मजुरी: तीन.
चार होते, मी म्हणालो.
मामू रॉकेलने हात धूत होते, कोपरापर्यंत,
मागे वळले नाहीत.

पहाटे पाचला चावी फिरवली.
सुपारी नाही.
दाराची बिजागरी मात्र ऐकू आली,
एक टॅपेटही जरा ढिला वाटला,
आणि वाटूर फाट्याच्या अलीकडे, कसलासा बारीक सूर.
दासू गुणगुणत होता.
चार वर्षं शेजारी बसतो,
मला माहीतच नव्हतं.