उजवीकडचं दार

सस्कॅचेवानमध्ये, गव्हाच्या दोन शेतांमधून
गवताची एक धावपट्टी जाते, हजारेक पावलांची.
कडेला पत्र्याचं हँगर, आणि हँगरात
एक वाद, माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा.

ओरेस्ट हाव्रिलुक म्हणतो, सेस्ना.
त्रेपन्न सालची वन-सेव्हंटी, एकशे पंचेचाळीस घोडे,
पंख डोक्यावर. उन्हात सावली, पावसात छप्पर,
आणि खाली बघितलं की शेत दिसतं, पंख नाही.
शेपटीचं चाक तेवढं हट्टी,
आडवा वारा लागला की स्वतःचंच खरं करतं.

डोरीन लाशान्स म्हणते, चेरोकी.
सदुसष्टची. घोडे पाचच जास्त,
पण टेकते अशी की कपातली कॉफी हलत नाही.
"तुझी तर टोळासारखी तीनदा उतरते."
"एका पैशात तीन लँडिंग," ओरेस्ट म्हणतो.

मी इंधन भरतो, तेल बघतो, वहीत आकडे लिहितो.
त्याचं ताशी आठ गॅलन, तिचं साडेआठ.
चढ, पुस्तकाप्रमाणे, मिनिटाला सहाशे नव्वद फूट आणि सहाशे साठ.
पुस्तक लिहिलं तेव्हा इंजिन कोरं होतं
आणि वैमानिक, ओरेस्टच्या मते, उपाशी ठेवलेला.
जुलैच्या तापल्या दुपारी दोघी चारशेवर येतात
आणि पुढे जावं की नाही याचा विचार करतात.

खरं भांडण टाक्यांवरून.
सेस्नाच्या चावीला तीन खुणा: डावी, उजवी, दोन्ही.
ओरेस्ट 'दोन्ही'वर ठेवतो आणि विसरतो.
चेरोकीला 'दोन्ही' नाही.
दर अर्ध्या तासाला टाकी बदलावी लागते.
उजव्या सीटवर एमील, मांडीवर
अंडी उकडायचं घड्याळ. ते वाजलं
की म्हणायचा, "बाजू बदल."

दारही एकच, उजवीकडे.
आधी डोरीन चढायची, मागून तो.
दार तोच ओढायचा, वरची कडी तोच लावायचा.
उतरताना आधी तो, पंखावर उभा राहून हात द्यायला.

एमील ऑक्टोबरात गेला.

काल, बर्फ वितळल्यावरचं पहिलं उड्डाण.
ती चढली, रिकाम्या सीटवर आडवी होऊन
दार ओढलं. तिसऱ्यांदा लागलं.
ओरेस्ट माझ्याशेजारी, काही न बोलता.
अर्ध्या पट्टीतच तिनं जमीन सोडली.

उतरल्यावर मी वही घेऊन गेलो.
"सातशे चाळीस," ती म्हणाली. "पुस्तकापेक्षा ऐंशी जास्त."
हवा थंड होती, मी म्हणालो.
"हो. हवा थंड होती."

ओरेस्टनं वही मागून घेतली,
स्वतःच्या रकान्यावर बोट ठेवलं, उचललं.
"चढते चांगली," म्हणाला.

एवढ्यात आत, सीटच्या पट्ट्यात अडकवलेलं
घड्याळ वाजलं.
इंजिन केव्हाच बंद होतं.
ती पुन्हा पंखावर चढली,
बाजू बदलायला.